एकच जोडी, वर्षभराची औतं : चुंबक बसवून बदलती मॉडेलं कशी करावीत

लाकडाची किंवा मातीची बैलजोडी करून तिच्या खांद्यावर तिफण कायमची चिकटवली, की ती जोडी कायम पेरणीलाच जुंपलेली राहते. शेतात तसं नसतं. उन्हाळ्यात तीच जोडी नांगराला असते, पावसाच्या तोंडावर माती भुसभुशीत करणाऱ्या वखराला, मृग लागला की तिफणीला, पीक वीतभर झालं की ओळींमधलं तण काढणाऱ्या कोळप्याला आणि सुगीत गाडीला. पोळ्याच्या दिवशी तर खांद्यावर जूच ठेवत नाहीत. त्या दिवशी पाठीवर झूल असते आणि कपाळावर बाशिंग. हे सगळं एकाच जोडीवर दाखवायचं तर भाग काढता-घालता आले पाहिजेत. त्यासाठी ३ मिलिमीटरची चुंबकाची चकती पुरते.

घरात पोळ्याचे बैल आहेत आणि त्यांना औतं जोडायची आहेत, किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी लहान मॉडेल करायचं आहे, अशा नवख्या माणसासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चुंबकाचं काम फक्त धरून ठेवण्याचं. कोणतंही औत कोणत्याही जोडीला बसेल की नाही, हे तुम्ही सुरुवातीला ठरवलेल्या मापावर आणि चुंबकाच्या दिशेवर अवलंबून असतं. हे दोन्ही भोक पाडण्याआधी ठरवा. ते कागदावर लिहा आणि नंतर बदलू नका.

आधी कागद

प्रमाण ठरवा. नवख्याला १:२४ सोयीचं पडतं, म्हणजे खऱ्या २४ सेंटीमीटरला मॉडेलमध्ये १ सेंटीमीटर. साडेचार फुटी बैल या मापात साधारण साडेपाच-पावणेसहा सेंटीमीटर उंच होतो. एवढ्या बैलाच्या मानेत ३ मिलिमीटरचं भोक सहज मावतं. यापेक्षा लहान घेतलं तर जुवाच्या लाकडात चुंबकाला जागाच उरत नाही. बाजारातून तयार बैल आणले असतील तर उलटं करा : बैलाची उंची मोजा आणि औतं त्या मापाला आणा.

मग बैल बाजूने आणि वरून असा दोनदा काढा. जिथे जोड येणार तिथे टिंब द्या. शेतीच्या मॉडेलात जोडाच्या जागा चारच असतात : बैलाचा खांदा, जुवाचा मध्य, पाठ आणि कपाळ. पहिल्या मॉडेलात खांदा आणि जुवाचा मध्य एवढ्याच करा. झूल आणि बाशिंग नंतर कधीही करता येतात.

इथे एक मोह होतो. दिंड (औताचं खालचं आडवं लाकूड), दांडी (दिंडापासून जुवापर्यंत जाणारं लांब लाकूड) आणि रुमणं (हाताने धरायचा उभा दांडा) एकच ठेवायचं आणि खाली कधी फास (आडवं लोखंडी पातं) तर कधी फण (टोकदार दात) लावायचे. चुंबक वाचतात हे खरं. पण तिफणीचं दिंड आणि वखराचं दिंड एकसारखं नसतं. तिफणीला तीन फण, त्यांच्यावरून वर जाणारे नळे आणि बी टाकायचं चाडं. वखराला आडवी लांब फास. ज्याने औत हाकलंय तो माणूस असली जोडाजोड एका नजरेत ओळखतो. म्हणून औत पूर्ण करा आणि दांडीपासून पूर्णच बदला. मेहनत वाढते, पण मॉडेल खरं राहतं.

चुंबक कोणतं

चकचकीत चांदीच्या रंगाचं चुंबक मिळतं ते निओडिमियमचं, म्हणजे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे ते शोधलं. त्याआधी इतकं लहान आणि इतकं जोरदार चुंबक हाती नव्हतं. जुन्या स्पीकरमधलं काळं फेराइटचं चुंबक या कामाचं नाही. तेवढी ओढ हवी तर ते फार मोठं घ्यावं लागतं.

चकतीचं माप ‘३ × १’ असं लिहितात : व्यास ३ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. खांद्याला आणि पाठीला ३ × १ घ्या, जिथे लाकूड बारीक आहे तिथे २ × १, आणि मॉडेल पाटावर उभं धरायचं असेल तर पायासाठी ३ × २. पाकिटावर एन ३५, एन ४२, एन ५२ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं चुंबक जोरदार. एवढ्या लहान मापात त्या आकड्यामागे धावू नका. ओढ कमी वाटली तर जागा असेल तिथे जाडी वाढवा.

हार्डवेअरच्या दुकानात ही मापं क्वचित मिळतात, ऑनलाइन पाकिटात सहज मिळतात. मोडक्या इअरफोनमध्ये आणि मोबाइलच्या स्पीकरमध्येही असली चुंबकं निघतात, पण प्रत्येकाचं माप वेगळं. बदलत्या भागांसाठी सगळी चुंबकं एका मापाची लागतात, म्हणून ती सरावापुरती ठेवा.

या चुंबकाला तीन गोष्टी सोसत नाहीत. ते ठिसूळ असतं, दोन चकत्या जोरात एकमेकींवर आदळल्या तर कड उडते. वरचा निकेलचा मुलामा खरवडला गेला की पावसाळी हवेत आतलं लोह गंजतं. आणि साधं चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तर त्याची ओढ कायमची कमी होऊ लागते. म्हणून चुंबकाला सोल्डरिंगचा चटका देऊ नका. त्याला भोक पाडू नका, घासून लहानही करू नका, कारण त्याची भुकटी पेट घेते.

लेकरं असलेल्या घरात

मातीचे बैल पोळ्याच्या आसपास लेकरांच्या हातात जाणारच, म्हणून हे इथेच सांगतो. लहान मुलाने दोन चुंबकं गिळली, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा गिळला, तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. घरगुती उपाय करू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि चुंबक गिळल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सुटी चुंबकं झाकणाच्या डबीत, उंचावर ठेवा. पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकराला खेळायला द्यायच्या बैलात चुंबक बसवूच नका. त्याला सुतळीने बांधायचं जू करून द्या. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर ही चुंबकं त्यांच्या अंगाजवळ नेऊ नका, शर्टाच्या वरच्या खिशात तर मुळीच ठेवू नका.

हत्यारं

हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, त्यात १, २ आणि ३ मिलिमीटरची पाती. मिळालं तर ३.२ चं एक पातंही घ्या. अरी किंवा टोकदार टोच्या. बारीक सँडपेपर. फेविक्विकसारखा झटपट गोंद, आणि भेगा किंवा मोठी भोकं असतील तर एम-सील किंवा अॅराल्डाइट. बांबूची काडी. नखं रंगवायचं लाल पॉलिश. थोडा गेरू. विजेचं ड्रिल घरात असलं तरी या कामाला काढू नका. त्याचा वेग इतका असतो की मातीचा बैल तडकतो आणि प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं.

लाल बाजूचा नियम

नवख्यांचं सगळ्यात जास्त काम इथे वाया जातं, म्हणून सावकाश वाचा. चकतीच्या दोन सपाट तोंडांवर दोन ध्रुव असतात. विरुद्ध ध्रुव समोरासमोर आले तर भाग चिकटतात, सारखे आले तर एकमेकांना ढकलतात. एका बैलात चुंबक एका दिशेने बसलं आणि दुसऱ्यात उलट, तर एकच जू दोघांना कधीच बसणार नाही.

उत्तर कोणता आणि दक्षिण कोणता हे कळायची गरज नाही. सगळ्या चकत्यांची एकच बाजू ओळखता आली की झालं. पाकिटातल्या चकत्या एकमेकींवर रचा, त्या आपोआप एका दिशेने लागून कांडी तयार होते. कांडीच्या वरच्या तोंडाला लाल पॉलिशचा ठिपका द्या, वाळू द्या, ती चकती सरकवून बाजूला काढा. आता खालची चकती वर आली, तिलाही तसाच ठिपका. कांडी मध्येच उलटू देऊ नका. सगळ्या संपल्या की प्रत्येकीची लाल बाजू एकाच ध्रुवाची झालेली असते.

आता नियम. जो भाग धरतो, त्यात लाल बाजू बाहेर. जो भाग येऊन बसतो, त्यात लाल बाजू आत.

बैल धरतो, म्हणून बैलाच्या खांद्यात लाल बाहेर. जू बैलावर येऊन बसतं, म्हणून जुवाच्या खालच्या अंगाला लाल आत. पण तेच जू दांडीला धरतं, म्हणून जुवाच्या मध्यावर वरच्या अंगाला लाल बाहेर, आणि दांडीच्या टोकाला लाल आत. जुवापाशीच गोंधळ होतो, कारण एकाच लाकडात दोन्ही प्रकार येतात. तो कागदावरचा बैल काढा आणि प्रत्येक टिंबाजवळ ‘बाहेर’ किंवा ‘आत’ लिहून टाका.

या नियमाचा आणखी एक फायदा आहे. सगळ्या बैलांच्या खांद्यावर लाल बाजूच बाहेर असते, त्यामुळे डब्यात बैल बैलाला खांद्याने चिकटत नाही. आणि शेजारच्या गावातल्या कोणी याच नियमाने आणि याच मापाने कोळपं केलं, तर ते तुमच्या जोडीला पहिल्याच वेळी बसतं. गावोगावची मंडळी असं काम वाटून घेतील तर एका तालुक्यातली सगळी औतं एका पाटावर मांडता येतील. मला या कामात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पडताळणीसाठी एक काडी करून ठेवा. बांबूच्या काडीच्या एका टोकाला लाल आत अशी चकती चिकटवा. ही काडी बैलाच्या खांद्याला ओढली गेली पाहिजे आणि जुवाच्या खालच्या अंगापासून ढकलली गेली पाहिजे. चकती भोकात बसवताना, गोंद घालायच्या आधी, प्रत्येक वेळी काडी दुरून जवळ नेऊन बघा.

भोक पाडणं

आधी अरीने खूण करा, नाहीतर पातं घसरतं. मग १ मिलिमीटरचं भोक, ते २ चं, शेवटी ३ चं. थेट ३ चं पातं लावलं तर भोक वाकडं जातं आणि कड फुटते. चुंबकाची जाडी १ मिलिमीटर असेल तर भोक किंचित जास्त खोल ठेवा, तळाला गोंदाला जागा हवी. खोली कळावी म्हणून पात्याला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीचा वेढा द्या आणि पट्टी लाकडाला टेकली की थांबा.

चकती पृष्ठभागाशी अगदी समतल बसली पाहिजे. अर्धा मिलिमीटर जरी आत गेली तरी एवढ्या लहान चुंबकाची ओढ बरीच घटते, कारण अंतर वाढलं की ओढ झपाट्याने उतरते. बाहेर राहिली तर दोन भागांत फट दिसते. खोल गेलं असेल तर तळाला एम-सीलचा कण घालून पातळी वर आणा.

पुढचं सगळं बैल कशाचा आहे यावर ठरतं.

सागाच्या लाकडात ३ च्या पात्याने चकती घट्ट बसते. फारच घट्ट वाटली तर ३.२ चं पातं एकदा फिरवा. ठोकून बसवू नका. बाभळीचं लाकूड खऱ्या औताला उत्तम, पण इतक्या लहान कामात फार कठीण पडतं. सुताराकडे सागाचे उरलेले तुकडे मिळतात, ते घ्या.

भाजलेल्या मातीच्या बैलात भोक भाजल्यानंतरच पाडा. चुंबक घालून बैल भट्टीत टाकला तर चुंबकाचं चुंबकत्व जातं, कारण सुमारे ३०० अंशांच्या थोडं वर निओडिमियमचं चुंबक चुंबकच उरत नाही आणि भट्टी त्याच्या कितीतरी पुढे तापते. भाजलेल्या मातीवर पातं फिरवताना थेंबभर पाणी सोडत राहा, धूळ उडत नाही आणि पातंही तापत नाही.

कच्च्या मातीचे बैल करणार असाल तर आपली काळी माती नुसती वापरू नका. ओली असताना ती फुगते आणि वाळताना आकसून तडकते. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच स्वभावाने बैलाच्या मानेत भेग पडते, आणि ती नेमकी भोकापासून सुरू होते. शाडू घ्या, किंवा काळ्या मातीत बारीक रेती आणि कापसाचे तंतू मळून घ्या. ओल्या मातीत पेन्सिलीच्या टोकाने नुसती खूण करून ठेवा, पूर्ण वाळल्यावर पात्याने भोक नेमक्या मापाला आणा. ओलेपणीच चकती दाबून बसवली तर माती तिच्याभोवती आकसते आणि फुटते.

थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलए या प्लास्टिकचा बैल असेल तर भोक प्रिंटमध्येच ३.२ चं ठेवा, पात्याची गरज पडत नाही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागे प्रदर्शनाचं सामान ठेवलंत, तर चुंबकं शाबूत राहतील आणि बैल वाकलेले मिळतील.

समोरच्या भागावर भोक नेमकं कुठे यायला हवं, हे डोळ्याने ठरवू नका. बैलाच्या खांद्यात चकती बसवून झाली की तिच्यावर ओल्या गेरूचा ठिपका द्या, जू जागेवर धरून दाबा. जुवाच्या खालच्या अंगावर गेरू उमटतो, तिथेच भोक.

चिकटवणं

चकतीची जी बाजू आत जाणार ती सँडपेपरवर एकदाच हलकी फिरवा, गुळगुळीत निकेलला गोंद नीट धरत नाही. तिथला मुलामा थोडा खरवडला तरी गोंदाखाली झाकला जातो. लाल बाजू आत जाणार असेल तर हे करण्याआधी उलट बाजूला काळी खूण करून ठेवा. भोकाच्या तळाला काडीच्या टोकाने गोंदाचा एकच थेंब द्या. जास्त घातला तर तो वर येऊन तोंडावर वाळतो आणि दोन भागांच्या मध्ये थर होऊन बसतो. चकती बांबूच्या काडीने दाबा. स्क्रू ड्रायव्हरने किंवा चिमट्याने दाबली तर चकती लोखंडाला चिकटून परत बाहेर येते.

आणि मग थांबा. गोंद पक्का व्हायच्या आधी ‘बसतंय का बघू’ म्हणून दुसरा भाग जवळ नेला, की चकती भोकातून उपसून निघते. रात्रभर ठेवा. झटपट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला वेळ जास्त लागतो. श्रावणात तो पटकन धरतो, पण आजूबाजूला पांढुरकी छटा येते. ती ओल्या फडक्याने जात नाही, रंगाखाली मात्र झाकली जाते. भोक सैल झालं असेल तर झटपट गोंदाऐवजी अॅराल्डाइट भरा.

जू आणि दांडी

चुंबक सरळ ओढायला जोरदार आणि बाजूला सरकवायला कमजोर असतं. वर उचलून काढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोरात ते आडवं घसरतं. मॉडेल दिसायला नीट असूनही हातात घेतलं की औत निखळतं, त्याचं कारण हेच.

शेतीच्या मॉडेलात यावरचा उपाय खऱ्या औतातच सापडतो. खऱ्या जुवाला बैलाच्या मानेशी शिवळा, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना उभ्या खुंट्या असतात. मॉडेलच्या जुवाला बांबूच्या बारीक काड्यांच्या शिवळा लावा, मानेच्या दोन्ही अंगांना टेकतील अशा. आता जू आडवं सरकूच शकत नाही. चुंबकाला फक्त वर उचललं जाण्यापासून धरायचं, आणि ते काम त्याला उत्तम येतं. शिवळांना खाली दोऱ्याचं जोतं (गळ्याखालून जाणारा पट्टा) बांधलंत तर दिसायलाही पूर्ण.

१:२४ मध्ये जू जेमतेम ४-५ मिलिमीटर जाड येतं. त्यात ३ चं भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना लाकूड फारसं उरत नाही आणि रेषेत चीर जाते. इथे २ × १ वापरा. बैलाकडे ३ ची आणि जुवाकडे २ ची चकती असली तरी जोड बसतो. किंवा जुवात चुंबक न घालता लोखंडी खिळ्याची टोपी कापून बसवा. चुंबक आणि लोखंड यांच्यात दिशेचा प्रश्न येत नाही, ओढ मात्र दोन चुंबकांपेक्षा कमी. पितळी आणि अॅल्युमिनियमचे तुकडे चालत नाहीत, आणि स्टीलच्या बऱ्याच भांड्यांचं स्टीलही चुंबकाला लागत नाही. घ्यायच्या आधी चकती लावून बघा.

दांडी जुवाला येटणाने, म्हणजे दोराने बांधलेली असते. मॉडेलमध्ये दांडीच्या टोकाशी खालून जुवाच्या रुंदीची उथळ खाच करा, म्हणजे दांडी जुवावर वरून टेकते आणि वजन चुंबकावर न येता लाकडावर येतं. चकती त्या खाचेच्या मध्यात बसवा. गोल चकतीभोवती दांडी गरकन फिरते, ते फिरणंही खाचेने थांबतं. वरून काळ्या दोऱ्याचे चार वेढे दिले की येटणही दिसतं आणि चुंबकही झाकतं.

फिरणं हवंच असेल तर खाच करू नका. देवगिरी किल्ल्यावरच्या मेंढा तोफेचं मॉडेल करत असाल, तर एका चकतीवर बसवलेली तोफ बोटाने कुठेही वळवता येते.

आता मापाचा भाग. नांगर, वखर, तिफण, कोळपं आणि गाडी, प्रत्येकाच्या दांडीचं टोक जमिनीपासून एकाच उंचीवर यायला हवं. नाहीतर एक औत जोडलं की जू वर उचललं जातं आणि दुसरं जोडलं की फण हवेत राहतात. दरवेळी बैलांवर बसवून बघण्यापेक्षा एक साचा करा. लाकडाच्या ठोकळ्यावर जुवाच्या उंचीला जुवाएवढीच आडवी पट्टी, तिच्या मध्यात लाल बाहेर अशी एक चकती. नवं औत आधी साच्याला जोडायचं. फण किंवा फास टेबलाला टेकली आणि दांडी खाचेत बसली, तर ते औत तुमच्या प्रत्येक जोडीला बसणार. बैल पुढे कितीही झाले तरी साचा एकच ठेवा, तो कोणाला देऊ नका. दुसऱ्याला हवा असेल तर त्याच्यावरून दुसरा करून द्या.

गाडीचं काम सोपं आहे, ती आपल्या चाकांवर उभी असते. तिफण मात्र मागे रुमण्याच्या वजनाने कलते. चाड्याखाली नळ्यांच्या मागे शिशाचा बारीक तुकडा लपवण्याची कल्पना सुचेल, ती नको, त्याने कल वाढतो. वजन हवं तर दांडीच्या पुढच्या भागात खालून खिळ्याचा तुकडा घाला.

झूल आणि बाशिंग

झुलीसाठी बैलाच्या पाठीत, मधोमध, ३ × १ ची चकती लाल बाहेर बसवा आणि वरून रंग द्या, कापडाखाली ती दिसणारही नाही. झुलीच्या आतल्या बाजूला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवून चिकटवा. कडा घासून बोथट करा, पत्रा कापतो. झूल लागते, निघते, आणि कापड पाठीवरून ओघळतं तसंच राहतं. कपाळात २ × १ ची चकती आणि बेगडाच्या बाशिंगाच्या मागे पत्र्याचा कण एवढं पुरतं. घुंगरमाळेला चुंबक लागत नाही, ती गळ्यात पडते.

झूल बदलती ठेवा. पोळ्याला मखमलीची, काठाला चमकी लावलेली. खांदेमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी झूल काढून मानेवर हळदीचा हलका हात दाखवायचा असेल, तर त्या रंगाचा दुसरा बैल करण्यापेक्षा धुऊन जाणारी ओली हळदच लावा.

रंग

चुंबकं बसल्यावर रंगवा. चकतीच्या तोंडावर रंगाचा एकच पातळ हात, कारण प्रत्येक थर म्हणजे अंतर. जोडाच्या सपाट जागांवर तेलरंगाचे थर चढवू नका.

बैल मराठवाड्यातले असू द्या. लातूर-उदगीरकडची देवणी करत असाल तर तिचे तीन प्रकार लक्षात घ्या : पांढऱ्या अंगावर तोंडाच्या बाजूला काळा तो वानेरा, पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूने काळे ठिपके तो बालंक्या, आणि अंगभर अनियमित काळे डाग तो शेवरा. नांदेडकडचा लाल कंधारी एकाच गडद लाल रंगाचा असतो, त्याला ठिपके देऊ नका. जोडी एका रंगाची करा. एकाच साच्यावर तपासलेलं औत दोन्ही जोड्यांना बसतं, म्हणून एक देवणी जोडी आणि एक लाल कंधारी जोडी केली की तीच औतं दोन्हीकडे फिरतात.

पाट

पाटाला खालून लोखंडी पत्रा घ्या, छपराच्या जस्ती पत्र्याचा उरलेला सपाट तुकडा चालतो. त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेल्या काळ्या मातीचा थर अगदी पातळ, एक मिलिमीटरच्या आसपास. जाड थर दिला तर पायातल्या चकतीची ओढ पत्र्यापर्यंत पोचत नाही. बैलाच्या चारही खुरांत चुंबक नको, पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा एक पुरतो. खुरात भोक पाडताना पाय फुटतो, म्हणून पाय आधी ओल्या मातीत किंवा मेणात रोवून धरा.

पाटही बदलता येतो. एक पट्टा नांगरलेल्या ढेकळांचा, एक सोयाबीनच्या ओळींचा, एक कणसं भरलेल्या शाळूचा. प्रत्येक पट्ट्याच्या पाठीला पत्र्याचा तुकडा आणि पाटाच्या चौकटीत चकत्या. ओळींमधलं अंतर कोळप्याच्या फासेपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर कोळपं पिकावरूनच फिरताना दिसेल.

बिघडलं तर

भाग ढकलला जातोय : चकती उलटी बसली आहे. उकरून काढण्याआधी समोरचा भाग किती औतांत वापरला आहे ते पाहा, आणि जो एकटा आहे तोच बदला. झटपट गोंद नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोनने मऊ पडतो. लाकडात आणि भाजलेल्या मातीत दोन-तीन थेंब सोडून थोडा वेळ थांबा आणि अरीने कडेकडेने उचला. प्लास्टिकला आणि रंगाला अॅसिटोन लावू नका, तिथे चकती पात्याच्या टोकाने हळूहळू सैल करावी लागते. काढलेल्या चकतीची कड उडाली असेल तर ती परत वापरू नका.

चकती दुसऱ्या भागाबरोबर निघून येते : गोंद धरलेला नाही. भोक आणि चकती दोन्ही पुसून कोरडी करा, पुन्हा सँडपेपर, आणि या वेळी अॅराल्डाइट.

ओढ कमी वाटते : आधी मधली फट बघा. बहुतेक वेळा रंगाचा किंवा गोंदाचा थर निघतो. तो खरवडून भागलं नाही तर जिथे एका बाजूला लोखंड आहे तिथे चुंबक घाला, आणि तेही पुरलं नाही तरच जाड चकती.

शेवटचं काम प्रत्येक औताच्या पोटाखाली बारीक अक्षरात करायचं : प्रमाण, चकतीचं माप, आणि ‘लाल आत’ किंवा ‘लाल बाहेर’. बैलाच्या पोटाखालीही तेच. पुढच्या पोळ्याला डबा उघडाल तेव्हा, किंवा दुसरं कोणी उघडेल तेव्हा, नवं औत कोणत्या मापाने करायचं हे विचारावं लागणार नाही.